मिस्वाक, लवंग आणि किडलेली दाढ

दाताला कीड लागते म्हणजे आत अळी शिरते, असे अजूनही पुष्कळ घरांत मानले जाते. अळी वगैरे काही नसते. दातांवर चिकट थर साचतो, त्यात जंतू राहतात. आपण खाल्लेल्या साखरेचे ते आम्ल करतात आणि त्या आम्लात दाताचे कवच हळूहळू विरघळते.

या जंतूंना रोखणारी द्रव्ये वनस्पतींत आहेत. मिस्वाकच्या, म्हणजे पीलूच्या मुळात बेन्झिल आयसोथायोसायनेट असते, लवंगेत युजेनॉल. अडचण आहे ती लाळेची. ती सतत वाहते आणि औषध धुऊन नेते. म्हणून औषध दातावर टिकवायचे कसे, यावर संशोधक डोके लढवतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ज्येष्ठमधातील जंतुनाशक द्रव्य बिनसाखरेच्या लॉलीपॉपमध्ये घातले. चोखायला वेळ लागतो, तेवढा वेळ औषध दातांपाशी राहते.

मिस्वाकची खुबी हीच आहे. तिचे तंतू चिकट थर खरवडतात आणि त्याच वेळी रस दातावर उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८६ मध्ये तिच्या वापराला पाठिंबा दिला. पण खिशातली सुकी काडी वुजूच्या वेळी समोरच्या चार दातांवरून फिरवली, तर सुन्नतीचे समाधान मिळेल, दाढा मात्र तशाच राहतील. काडी भिजवा, टोक चावून मऊ करा, दाढांपर्यंत आणि दातांच्या आतल्या बाजूलाही न्या. वापरलेले टोक कापून नवे काढत जा. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडची टूथपेस्ट हवीच.

एकदा खड्डा पडला की कोणतीही वनस्पती तो भरत नाही. लवंगेचा बोळा ठणका थांबवतो, कीड थांबवत नाही. ठणका थांबला की डॉक्टरकडे जाणे राहून जाते आणि कीड नसेपर्यंत पोहोचते. लवंगेचे तेल लहान मुलांना तर लावूच नये, पोटात गेल्यास अपाय होतो. आणि मशेरी? तंबाखूही वनस्पतीच आहे, हे विसरू नका.

वर्गात मुले हसली की काळ्या दाढा दिसतात. विचारले तर अम्मी सांगते, “दुधाचे दात आहेत, पडतीलच.” पण सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे येणारी दाढ कायमची असते. ती पडून पुन्हा येत नाही. आज रात्री मुलाला उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा. काळा डाग दिसला, तर लवंग शोधण्याआधी दवाखाना गाठा.