घाटातला दडा, पाण्यातला दडा

आंबोलीचा घाट उतरताना कानात दडे बसतात, एखाद्या जांभईने सुटतात आणि सावंतवाडी येईपर्यंत विसरलेही जातात. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण 690 मीटर उंच आहे. तिथून किनाऱ्यापर्यंत उतरताना हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा समुद्रात जेमतेम 80 सेंटीमीटर खाली गेल्यावर वाढतो. घाटाला तासभर लागतो. तारकर्लीला बोटीची शिडी सोडली की डोके पुरते बुडून थोडे खाली जाईपर्यंत हिशेब पुरा. हे गणित मांडायचे कारण म्हणजे आपलेच एक ठरलेले उत्तर. सुट्टीला निघालेला पेशंट जाता जाता विचारतो, “डॉक्टर, स्कूबा केलं तर चालेल ना?” आणि आपण म्हणतो, “वीस फुटांवर काय होतंय? बिनधास्त करा.” रक्तात विरघळणाऱ्या नायट्रोजनपुरते हे उत्तर बहुतांशी खरे आहे. कानापुरते ते साफ उलटे आहे.

पाण्याच्या पृष्ठभागावर दाब एक वातावरण असतो, 10 मीटरवर दोन. म्हणजे मध्यकर्णातली हवा पहिल्या दहा मीटरांतच निम्मी होऊ पाहते. पुन्हा निम्मी व्हायला थेट 30 मीटर गाठावे लागतात. कानाची खरी परीक्षा वरच्याच पाण्यात होते, नवखा माणूस नेमका तिथेच असतो, आणि त्याचा सगळा जीव तोंडातल्या रेग्युलेटरवर एकवटलेला असतो. युस्टेशियन नलिका एरवी मिटलेली असते, गिळताना क्षणभर उघडते. आतला-बाहेरचा फरक पाऱ्याच्या 90 मिलिमीटरच्या आसपास गेला, म्हणजे पाण्यात सुमारे सव्वा मीटर, की नलिकेचे घशाकडचे तोंड दाबाने असे मिटते की गिळून उघडत नाही. तरीही खाली जात राहिले तर अस्तर सुजते, रक्त साकळते, आणि काहींचा पडदा दोन मीटरांच्या आतही फाटतो. फाटक्या पडद्यातून गार पाणी आत गेले की भोवळ येते. वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासे होते. म्हणून “दुखायला लागलं की नाक दाबा” ही सूचना मला सगळ्या दुखण्याचे मूळ वाटते. दुखते तोवर वेळ गेलेली असते. मग माणूस जिवाच्या आकांताने फुंकतो, तो जोर अंतर्कर्णापर्यंत पोचतो आणि गोल खिडकीचा पडदा फुटू शकतो. पहिली फुंकर बोटीतच मारायची, पुढची डोके बुडताच, आणि मग दर अर्ध्या मीटरला, दुखण्याची वाट न पाहता, हळूच. जमले नाही तर थोडे वर यायचे. वर येणे म्हणजे पैसे बुडणे नव्हे, हे बोटवाल्यानेही आधीच सांगायला हवे.

दवाखान्यात आपण पडदा पाहतो आणि ‘फिट’ लिहितो. स्वच्छ पडदा म्हणजे आज कान वाहत नाही, इतकेच. नलिका हवी तेव्हा उघडते का, हा प्रश्न तसाच राहतो. ऑटोस्कोप कानात असतानाच पेशंटला नाक चिमटीत धरून अलगद फुंकायला सांगावे आणि पडदा हलतो का ते पाहावे; मग नाक धरूनच आवंढा गिळायला लावावा. (वलसाल्वाने 1704 मध्ये ही फुंकर सांगितली ती कानातला पू बाहेर काढायला, पाणबुड्यांशी तिचा काही संबंध नव्हता.) कोरड्या जमिनीवर जमले म्हणून पाण्यात जमेलच असे नाही, हा आक्षेप योग्यच आहे. उद्या सर्दी झाली तर आजची तपासणी फुकट. पण या दोन मिनिटांत पेशंट जे शिकतो ते हलत्या बोटीवर, लाइफ जॅकेट घालून, रांगेत उभे राहून शिकता येत नाही. काही जण म्हणतील, गोळी द्यावी. स्यूडोएफेड्रिनने नवख्यांच्या कानांचा त्रास कमी होतो, हे अभ्यासात दिसले आहे. पण पाण्याखाली तिचा असर ओसरला तर वर येताना हवा आत अडकते. खाली जाणे टाळता येते, वर येणे टाळता येत नाही. रक्तदाबवाल्यांना तर ती नकोच.

उरला शेवटचा आक्षेप: पर्यटक आधी येतोच कुठे? खरे आहे. दडा मालवणात बसतो आणि सोमवारी दवाखाना गाठला जातो कोल्हापुरात, सांगलीत, पुण्यात. त्याआधी घरी कोमट खोबरेल तेल कानात पडलेले असते, आणि पडदा फाटला असेल तर तेच नडते. अशा वेळी 512 चा ट्यूनिंग फोर्क टेबलाच्या खणातून काढावा आणि कपाळाच्या मध्यावर टेकवावा. आवाज दडा बसलेल्या कानात मोठा ऐकू आला तर बिघाड बहुधा मध्यकर्णातला: कान कोरडा ठेवावा, पडदा पाहिल्याशिवाय थेंब घालू नयेत, बरे होईपर्यंत डायव्हिंग आणि विमान बंद. आवाज चांगल्या कानाकडे सरकला, सोबत भोवळ किंवा कानात सतत गुणगुण असली, तर कुंथणे, नाक शिंकरणे, पुन्हा फुंकून पाहणे सगळे थांबवून, डोके उंचावर ठेवून, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे.