सूत कोणाचे, घोंगडी कोणाची?

थंडी सुरू झाली की मोबाईलवर घोंगडीच्या जाहिराती येऊ लागतात. 'अस्सल देशी लोकर, हातमागावर विणलेली, आपला वारसा.' सोबत पिवळ्या फेट्यातल्या म्हाताऱ्या विणकराचा फोटो. किंमत हजारांत. जावळाची, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या मऊ लोकरीची घोंगडी असेल तर आणखी जास्त. या जाहिरातीत एक बाई मात्र कधीच दिसत नाही. जिने ते सूत कातले, ती.

मागच्या वर्षी बचत गटाच्या कामासाठी गंगाखेड तालुक्यातल्या एका धनगर वस्तीवर गेले होते. ओसरीवर एक मावशी चरख्यावर जावळाचे सूत काढत बसल्या होत्या. बारीक, एकसारखे. मी विचारले, "मावशी, याची मजुरी किती पडते?" त्या हसल्या. "घरच्या कामाची कसली मजुरी माय? घोंगडी मालकानं इणली म्हंतेत. सूत कुनी काढलं ते कुनी इचारीत न्हाई."

हा लेख त्या एका वाक्यावर आहे.

आधी कामाचा हिशेब मांडू. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. वर्षभरात एका मेंढीची जेमतेम अर्धा-पाऊण किलो निघते. म्हणजे एका घोंगडीमागे चार-पाच मेंढ्यांची वर्षाची लोकर जाते. ती धुवायची, कुसळे-काटे वेचायचे, पिंजायची, पेळू करायचे आणि मग कातायची. त्यानंतर ताणा लावून चिंचोक्याची खळ द्यायची आणि मागावर विणायचे. यात सर्वांत जास्त वेळ कशाला लागतो? कातायला. एक माग चालता ठेवायचा तर अनेक चरखे चालावे लागतात. मागावर बहुधा पुरुष असतो आणि चरख्यावर बहुधा बाई. विणकराचे काम 'कला' ठरते, त्याला निदान पैसे मिळतात. कातणारीचे काम 'घरकाम' ठरते. जातीने धंदा नेमून दिला आणि त्या धंद्याच्या आत पुरुषसत्तेने पुन्हा वाटणी केली. बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेविषयी जे सांगितले, की ही श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे, ते पाहायचे असेल तर त्या ओसरीवर जाऊन बसा.

सोवळ्याचे गणितही पाहा. लोकरीला विटाळ होत नाही, असे शास्त्र सांगते. म्हणून भटजींच्या घरात सोवळ्याला लोकरीची धाबळी चालली. धागा पवित्र आणि धागा काढणारा हात मात्र शूद्राचा! वस्तू घ्यायची आणि माणूस बाहेर ठेवायचा, ही इथली जुनी रीत आहे. आजची 'वारसा' जाहिरात तीच रीत चालवते. फक्त सोवळ्याच्या जागी 'ऑरगॅनिक' हा शब्द आला आहे.

चरख्याचे गोडवे गाणाऱ्यांना एक आठवण करून द्यायला हवी. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. सभासदाने दरमहा २,००० यार्ड सूत द्यावे, असा नियम तिथे झाला. त्यातच सोय अशी होती की स्वतः कातायची इच्छा नसेल तर दुसऱ्याने कातलेले सूत चालेल. तो 'दुसरा' कोण, हे वेगळे सांगायला हवे का? पुढे १९४५ मध्ये बाबासाहेबांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला. त्यांचे म्हणणे असे की दोष यंत्राचा नाही, यंत्राची मालकी मूठभरांकडे ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसत असेल तरच माणूस वाचतो, शिकतो, विचार करतो. मावशींच्या आयुष्यात ही फुरसत कधी आलीच नाही. तिला आपण 'परंपरा' म्हणतो.

आता सरकार काय करते ते पाहू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. १८ पारंपरिक धंदे. उद्देशातच गुरु-शिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेले कौशल्य बळकट करण्याची भाषा. लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, धोबी अशी ही यादी वाचताना गावगाड्याची हजेरी वाचल्यासारखे वाटते. त्यात दगड फोडणाराही आहे. याच परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतर १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशीचा मृत्यू झाला. सोमनाथ वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी. ज्याच्या जातीच्या हातात व्यवस्थेने घण दिला, त्याने पुस्तक उचलले होते. आमच्या पोरांना कोणता वारसा हवा आहे, याचे उत्तर त्यात आहे.

आणि गंमत अशी की कातणारी बाई त्या १८ धंद्यांतही नाही. राज्याच्या महामेष योजनेत ७५ टक्के अनुदानावर २० मेंढ्या आणि एक नर देतात. मेंढी मोजली जाते, लोकर काढणारे हात मोजले जात नाहीत. आज लोकरीच्या भावातून कातरणीचा खर्चही सुटत नाही. मेंढपाळ लोकर टाकून देतात आणि मटणासाठी मेंढरे राखतात. त्यांना दोष देणारे आपण कोण?

काही मित्र विचारतील, "मग ही कला मरू द्यायची का?" काही असेही विचारतील, "तुम्ही बौद्ध, तुम्हाला धनगरांच्या चरख्याचे काय?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आमच्या आज्या-पणज्यांना सांगितले गेले की मेलेल्या जनावराचे मांस सोडा. सवर्णांना सांगितले गेले की तुमची मेलेली जनावरे तुम्हीच पुरा. आमची माणसे नेमून दिलेल्या कामातून बाहेर पडली म्हणून मी आज लिहिते आहे. तोच हक्क धनगराच्या लेकीला आहे, एवढेच माझे म्हणणे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की कला जगवायची असेल तर किंमत मोजा. कातणारीला वजनावर, पण किमान वेतनापेक्षा कमी पडणार नाही अशी मजुरी ठरवा. बारीक सुताला वेगळा दर द्या. घोंगडीच्या चिठ्ठीवर विणकराइतकेच कातणारीचेही नाव छापा. मेंढी व शेळी विकास महामंडळाने जावळ वेगळे काढून रास्त भावाने घ्यावे. पिंजणयंत्र आणि विजेवरचे चरखे बायकांच्या गटांच्या मालकीचे करा. प्रशिक्षण सर्व जातींच्या मुलामुलींना खुले ठेवा. देशपांड्यांच्या मुलीलाही चरखा आवडू दे! आणि रानोमाळ फिरणाऱ्या मेंढपाळांच्या लेकरांना आधी वसतिगृह द्या, चरखा नंतर.

हे सगळे करूनही एखादी पोर म्हणाली की मला सूत कातायचे नाही, मला तलाठी व्हायचे आहे, तर तिला परंपरेची आठवण करून देऊ नका. फॉर्म भरायला मदत करा.

निघताना मावशींना विचारले होते, नातीला शिकवणार का? चरखा न थांबवता त्या म्हणाल्या, "ती बारावीला हाय. तिला कशाला?"

जयभीम.