दुखणे शरीराचे, कारण समाजाचे

आरोग्य हा डॉक्टरांचा प्रांत. समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने त्यात नाक खुपसू नये, असे शहाणीसुरती माणसेही बजावतात. शरीर आणि समाज यांची फारकत इतकी सोपी असती, तर इरावती कर्वे यांना गुरूच्या मताविरुद्ध जावे लागले नसते. १९२८ साली त्या बर्लिनला शिकायला गेल्या. मानवी कवटीच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतात. या असमानतेचे नाते वंशाशी असावे, अशी त्यांचे गुरू ऑयगेन फिशर यांची अटकळ. बाईंनी कवट्या मोजल्या आणि असे नाते आढळत नाही, असे प्रबंधात लिहून दिले. शास्त्राचा झगा घालून बसलेला तो वंशाचा अहंकारच होता! पुढे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी समाजशास्त्र शिकवले, मुलूखभर हिंडल्या आणि जे सापडले ते मराठीतही लिहिले.

आता आपल्या दाराशी या. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या गंगाखेडाकडून, शेजारच्या बीडमधून ऊसतोडीला बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांत बाईने विसावा घ्यायचा कुठे, अंग धुवायचे कुठे? २०१९ साली सरकारी समितीच्या निमित्ताने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे एक! एकाच जिल्ह्यात, एकाच कष्टाच्या बायकांना एवढे रोग कसे जडतात? काहींना खरोखरच आजार असेल. पण उरलेल्यांचे कारण मुकादमाच्या वहीत शोधावे लागेल, आणि ती वही वाचणे हे समाजशास्त्राचेच काम आहे.

पण प्राध्यापकमहाशयांनी एवढ्यावर खूश होऊ नये. आरोग्य आणि समाज यांवर निबंध निघतात, परिषदा भरतात, बढत्या मिळतात. ज्या बाईचे दुखणे त्यात मांडले, तिला कळेल अशा मराठीत चार पाने किती जणांनी लिहिली? सिद्धान्त इंग्रजीशिवाय मांडता येत नाही, हा बहाणा इरावतीबाईंच्या मराठीपुढे टिकत नाही.

वाचकहो, करंजीतली साखर कुणाच्या कोयत्याखालून आली, हे यंदा विचारा. उत्तर विद्यापीठांकडे मागा, आणि ते मराठीतच मागा.