पुराव्याचे ओझे घरग्राहकावरच का?

मोहालीच्या सदनिकेचा ताबा दोन महिन्यांत द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, हे योग्यच झाले. पण साठ लाखांच्या घरापोटी ५७ लाखांहून अधिक रक्कम भरलेल्या कुटुंबाला एवढ्यासाठी देशाच्या शेवटच्या न्यायालयाची पायरी चढावी लागावी, हे संतापजनक आहे. बुकिंग २०१० मधले, निकाल सप्टेंबर २०२५ मधला. मधल्या काळात कंपनी दिवाळखोरीत गेली. ग्राहकाचा दावा दिवाळखोरी प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलने स्वतः तपासला, मान्य केला आणि ३० एप्रिल २०२० च्या धनकोंच्या यादीत छापलाही. तरीही नंतर ‘दावा उशिरा आला, निम्मे पैसे घ्या’ असे सांगण्यात आले. कंपनी विधी न्यायाधिकरणाला त्यात काही वावगे दिसले नाही, अपील न्यायाधिकरणालाही नाही.

एकदा मान्य झालेला पुरावा पुन्हा अमान्य कसा होतो? दिवाणी न्यायाची रीत गुंतागुंतीची नाही. फौजदारी खटल्यासारखे येथे निःसंशय सिद्ध करावे लागत नाही. कोणाची बाजू अधिक संभवनीय, एवढेच पाहायचे असते. जो दावा करतो त्याने सिद्ध करावे, हा पहिला नियम. पण एखादी गोष्ट ज्याला विशेषत्वाने ठाऊक, ती सिद्ध करण्याची जबाबदारी त्याचीच, हाही नियम तितकाच जुना आहे. तो १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे.

मग घरापोटी कोणाकडून किती पैसे आले, हे सगळ्यात नेमके कोणाला ठाऊक? बिल्डरच्या हिशेबवह्यांना. दिवाळखोरी सुरू होताच त्या वह्या रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या ताब्यात जातात. म्हणजे पुरावा ज्याच्या कपाटात, तोच ग्राहकाला पुरावा वेळेत का आणला नाही म्हणून धारेवर धरतो. कंपनीच्या दप्तरी नोंद असलेल्या ग्राहकांचा तपशील, त्यांनी दावा केला नसला तरी, कंपनी घेऊ पाहणाऱ्यांसाठीच्या माहितीपत्रकात आलाच पाहिजे, असे याच अपील न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये बजावले होते. मोहालीच्या ग्राहकाचा तर दावाही यादीत होता, तरी त्याच न्यायाधिकरणाने त्याला माघारी पाठवले!

कंपनी विकत घेणाऱ्याला एकूण देणी आधी कळली पाहिजेत, म्हणून दाव्यांना मुदत हवी, हे मान्य. परंतु कंपनीच्याच वहीत असलेले देणे कोणालाही अनपेक्षित नसते.

हे दुखणे घरग्राहकांपुरते नाही. माल पुरवून पैशांची वाट पाहणाऱ्या लघुउद्योजकाला दिवाळखोरीचा अर्ज करायचा, तर मार्च २०२० पासून थकबाकी किमान एक कोटीची लागते. तेवढी असली तरी ‘मालाबाबत आधीपासून वाद आहे’ असे कंपनीने दाखवले, की अर्ज बारगळतो. तो वाद सिद्ध करण्याची गरज नाही, निव्वळ पोकळ नसला की पुरे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगून ठेवले आहे. देणेकऱ्याला शंका उपस्थित करून सुटता येते, घेणेकऱ्याने मात्र कागदामागून कागद आणायचे. दिवाणी न्यायालयातही तेच. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवेच, हे जालन्याच्या निवडणूक खटल्यात २०२० मध्ये पक्के झाले. नव्या कायद्याने त्यावर तज्ज्ञाची सहीही मागितली. बँकेच्या वकिलांना ते जमते. व्हॉट्सॲपवरील संदेश आणि ऑनलाइन भरलेले हप्ते एवढाच आधार असलेल्या तालुक्याच्या गावातील निवृत्त शिक्षकाने हा तज्ज्ञ कुठून आणायचा?

सर्वोच्च न्यायालयाने एका कुटुंबाला घर मिळवून दिले. इतरांना तिथवर जावे लागू नये, हे पाहणे दिवाळखोरी मंडळाचे काम आहे. कंपनीच्या दप्तरातील नोंद हाच ग्राहकाचा दावा मानावा, ती चुकीची वाटल्यास तसे लेखी कारणांसह दाखवण्याची जबाबदारी रिझोल्यूशन प्रोफेशनलवर टाकावी आणि तसा बदल मंडळाने आपल्या नियमांत विनाविलंब करावा.