ट्रॅक्टर बंद पडला की लगेच पंप खोलायला देऊ नका

पाऊस झाला, वाफसा आला आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टर तासात दोनदा बंद पडायला लागला, अशी तक्रार पेरणीच्या दिवसांत दरवर्षी कानावर येते. फिटरला फोन जातो. तो दुपारनंतर येतो, दोन सेल्फ मारतो आणि म्हणतो, "पंप गेलाय, खोलावा लागंल." या एका वाक्यात पेरणीचे चार दिवस जातात. माझं मत सरळ आहे. चालू इंजिन का बंद पडलं हे शोधायचं काम आधी चालवणाऱ्याचं, फिटरचं नंतर. फिटर येतो तेव्हा इंजिन गार होऊन बांधाला उभं असतं. ते बंद पडताना काय झालं, हे फक्त स्टेअरिंगवर बसलेल्यालाच माहीत.

डिझेल इंजिनला पेट्रोल गाडीसारखा प्लग नसतो. आत हवा दाबून तापते, त्यात डिझेल फवारलं की पेट घेते. त्यामुळं चांगलं चालणारं इंजिन मधेच थांबलं, तर पहिला संशय डिझेल पोचण्यावर घ्यायचा. टाकीपासून पंपापर्यंतचा रस्ता सगळा स्वस्तातला आहे, महाग आहे तो पंप आणि नोझल. तरी सुरुवात महागाकडूनच का होते, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

चावी बंद केल्यासारखं खटकन थांबलं तर स्टॉपची वायर किंवा सोलेनॉईडचं कनेक्शन बघा, हादऱ्यानं ढिलं झालेलं असतं. लोडवर ओढ कमी कमी होत गेली आणि मग बंद पडलं, तर फिल्टर तुंबलाय. आरपीएम आपोआप वर-खाली होत असेल तर लाईन हवा घेतेय. काळा धूर ओकत दम टाकत असेल तर एअर क्लीनर साफ करा नाहीतर रोटाव्हेटर जरा वर घ्या. आणि काटा लाल पट्ट्यात जाऊन, जड होत होत थांबलं असेल, तर ते दुखणं वेगळं. तिथं सेल्फ मारत बसू नका, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

फसवणारा प्रकार म्हणजे अर्धा तास मस्त चालतं, बंद पडतं, दहा मिनिटांनी काही झालंच नाही असं पुन्हा चालू होतं. आमच्या शेजाऱ्याचा जुना ट्रॅक्टर असाच करायचा. तालुक्याच्या एका वर्कशॉपात पंप खोलला, नोझल बदलले, चौदा हजार घेतले. ट्रॅक्टर वावरात आला आणि अर्ध्या तासात थांबला. शेवटी टाकी रिकामी केली तर तळाला कॅनच्या बुचाचा प्लास्टिकचा तुकडा निघाला. इंजिन चालू असलं की तो ओढीनं तोटीच्या तोंडावर जाऊन बसायचा, बंद झालं की सुटायचा. चाळणी न लावता डिझेल ओतलं की असली पाहुणेमंडळी टाकीत जातात.

असंच लक्षण टाकीच्या झाकणाचं असतं. झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते मातीनं बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल पुढं सरकत नाही. बंद पडल्या पडल्या झाकण उघडून बघा. फस्स आवाज आला आणि इंजिन चालू झालं, तर दुखणं सापडलं. खर्च एका सुईचा.

तरीही समजत नसेल तर कॅनची परीक्षा करा. स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन इंजिनपेक्षा उंच बांधा, पारदर्शक नळीनं थेट फीड पंपाला जोडा आणि शेतात तासभर चालवा. थांबलं नाही तर दोष टाकीत किंवा तिथून येणाऱ्या पाईपात आहे. जुना रबरी पाईप कडक होऊन तडकतो, पण ओढीच्या बाजूला असल्यानं कित्येकदा बाहेर थेंबसुद्धा गळत नाही, नुसती हवा आत शिरते. म्हणून "गळत नाही म्हणजे चांगला आहे" हे फिटरचं म्हणणं ऐकू नका. बॅन्जो बोल्टचे वॉशरही बघा, रुपयांतली वस्तू आहे.

फिल्टरच्या वाटीच्या तळाला पाणी दिसलं तर आधी ते काढा. टाकी रात्री अर्धी रिकामी राहिली की आत दव धरतं, म्हणून संध्याकाळी भरून ठेवलेली बरी. कागदी फिल्टर डिझेलात धुऊन परत बसवायचा नसतो, बदलायचा. मग फिल्टरवरचा हवेचा स्क्रू ढिला करून हातपंप मारा, बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी. नोझलच्या धारेपुढं बोट मात्र कधीच धरू नका, ते डिझेल कातडी फोडून आत जातं. तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी तडक दवाखाना गाठा.

एवढं करूनही थांबत असेल तर पंप खोलू द्या, पण कॅलिब्रेशनचं मशीन असलेल्या ठिकाणीच. झाडाखाली खोललेला पंप पहिल्यासारखा जुळत नाही.

नव्या मोठ्या ट्रॅक्टरचं गणित वेगळं झालंय. ५० एचपीच्या वरच्यांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम आले आणि त्यातल्या बऱ्याच इंजिनांत कॉमन रेल बसली. तिथं दाब हजार बारच्या वर जातो, त्यामुळं नोझलचे नट ढिले करून हवा काढायची जुनी पद्धत तिथं जिवावर बेतेल. टाकी, झाकण आणि फिल्टर आपण बघू शकतो, पुढचं स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही आणि स्कॅनर बहुतेक डीलरकडंच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेती अवजारंही धरली होती. गावच्या फिटरला स्कॅनर आणि कोडची माहिती मिळालीच पाहिजे, वाफसा काय डीलरच्या तारखेला थांबत नाही. तोवर मीटरवर कोड दिसला की चावी बंद करायच्या आधी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा.