रात्रीची कयाक आणि चमकणारं पाणी: रील बघून तारीख ठरवू नका

थंडीची चाहूल लागली की फीडमध्ये निळं पाणी दिसायला लागतं. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये जुहू आणि देवगडच्या लाटा चमकल्याचे व्हिडिओ प्रत्येक फॅमिली ग्रुपवर फिरले. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये चेन्नईच्या ईस्ट कोस्ट रोडलगतच्या किनाऱ्यांवर हेच दिसलं आणि लोक रात्री गाड्या काढून तिकडे पळाले. आता नुसतं वाळूवर उभं राहून बघण्यात मजा राहिलेली नाही, थेट कयाक घेऊन त्या पाण्यात जायचं असतं. अंदमानातल्या स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, खारफुटीच्या खाड्यांमधून अशा रात्रीच्या फेऱ्या निघतात. तुमच्या ग्रुपचं अंदमान ठरत असेल तर कुणीतरी ती रील एव्हाना टाकलीही असेल.

गडबड पुढे होते. तारीख ठरते लाँग वीकेंड आणि विमानाचं भाडं बघून, आणि फोटो मिळणारच असं सगळे धरून चालतात. या दोन्ही गोष्टी जरा नीट बघू.

चमक येते सूक्ष्मजीवांमुळे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर बहुतेक वेळा तो असतो नॉक्टिल्युका, एकाच पेशीचा जीव, आकाराने एखाद्या मिलिमीटरच्या आसपास. पाणी हललं की त्याच्या आत ल्युसिफेरिन नावाच्या रसायनाची क्रिया होते आणि एक झटकन लुकलुक होते. साधारण सेकंदाचा दहावा भाग, बस्स. पाणी स्थिर असेल तर काहीच दिसत नाही. म्हणून तर कयाक भारी: प्रत्येक वल्ह्यासरशी उजेडाचा भोवरा उठतो, आणि खालून मासा पळाला तर त्याची रेघ दिसते.

फोन का हरतो

व्हिडिओ 30 फ्रेमवर शूट करताना प्रत्येक फ्रेमला प्रकाश गोळा करायला जास्तीत जास्त सेकंदाचा तिसावा भाग मिळतो. एवढ्या अंधारात तेवढ्यात सेन्सरच्या हाती काही लागत नाही. मग फोन आयएसओ वाढवतो आणि तुम्हाला मिळतो करड्या दाण्यांचा गालिचा. नाइट मोड हे काम वेगळ्या पद्धतीने करतो. तो बरेच फोटो एकामागून एक घेतो, एकमेकांवर बसवतो आणि प्रकाशाची बेरीज करतो. दहा सेकंदांच्या फोटोत शेकडो लुकलुकी जमा होतात. तुमच्या डोळ्याला त्या एकेक करून दिसल्या असत्या, फोटोत त्या एकत्र येऊन निळीगर्द लाट होते. रील खोटीच असते असं नाही, पण ती तुमच्या डोळ्याने कधीच न पाहिलेली बेरीज असते. वर कलर सॅचुरेशनचा हात फिरलेला असतो तो वेगळाच.

या बेरजेला फोन ट्रायपॉडवर घट्ट लागतो. कयाक सतत डोलते. फोनला हातातली थरथर जाणवली की तो एक्स्पोजर आपणहून कमी करतो. थोडक्यात, तो व्हायरल फोटो बहुतेक वेळा किनाऱ्यावरून, स्टँड लावून काढलेला असतो. कयाकमधून तो निघत नाही, फोन कितीही महागाचा असो.

आणि फोटोच्या नादात बघायचंही राहून जातं. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात. एकदा स्क्रीन उघडून नोटिफिकेशन बघितलं की त्यातला बराचसा सराव वाया. एकाच्या स्क्रीनमुळे शेजारच्या कयाकवाल्याचीही वाट लागते. फोन लागणारच असेल तर ब्राइटनेस तळाला न्या. आयफोनच्या ॲक्सेसिबिलिटीत कलर फिल्टर लावून स्क्रीन लाल करता येते आणि लाल उजेडाने डोळ्यांचा सराव कमी मोडतो. ॲन्ड्रॉइडवर एक्स्ट्रा डिम बघा.

तारीख आजीला विचारा

सगळे सांगतात अमावास्येला जा. अंधाराच्या हिशोबाने बरोबर आहे, पण पाण्याच्या हिशोबाने तितकंसं नाही. अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य-चंद्राची ओढ एकत्र येते आणि उधाणाची भरती येते. मुंबईत अशा वेळी पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं आणि तेवढ्याच जोरात उतरतं. खाडीत ओहोटी लागली की पाणी तुम्हाला समुद्राच्या तोंडाकडे ओढतं. नवशिक्याला अंधारात हे कळतही नाही, कारण काठ सरकताना दिसत नाही. अंदमानात भरतीचा फरक मुंबईपेक्षा कमी असतो, पण गणित तेच.

मग कधी जायचं? कृष्ण पक्षातली अष्टमी ते दशमी बघा. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. घरात संकष्टी करणारं कुणी असेल तर चतुर्थीला चंद्रोदयासाठी किती ताटकळावं लागतं ते तुम्हाला माहीत आहे. तो अंधार दीड-दोन तासांचा. अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या आसपास येतो, म्हणजे संध्याकाळपासून तोवर पूर्ण काळोख. आणि नेमकी हीच वेळ भांगाच्या भरतीची, म्हणजे चढउतार सगळ्यात कमी. शुक्ल अष्टमीला भरती अशीच सौम्य असते, पण चंद्र संध्याकाळीच डोक्यावर असतो, म्हणून ती बाद. हे सगळं भिंतीवरच्या पंचांगात आहे, ॲप घ्यायचीही गरज नाही. त्या ठिकाणची भरती-ओहोटीची वेळ मात्र ऑनलाइन टाइड टेबलमध्ये बघा. इन्कॉइस या सरकारी संस्थेचं ‘समुद्र’ नावाचं ॲप आहे, ते उंच लाटांचे इशारे देतं.

अंदमानचं अजून एक गमतीशीर आहे. घड्याळ मुंबईचंच, पण बेटं 20 अंश पूर्वेला. त्यामुळे सूर्य सुमारे 80 मिनिटं आधी मावळतो. हिवाळ्यात सहा-साडेसहालाच काळोख असतो. मुंबईच्या सवयीने नऊचा स्लॉट घेतला तर अंधारातले अडीच-तीन तास हॉटेलवर गेले.

गॅरंटी कुणाकडेच नाही

पोर्तो रिकोतला मॉस्किटो बे जगातल्या सगळ्यात तेजस्वी खाड्यांपैकी एक. अरुंद तोंड, भोवती खारफुटी, त्यामुळे तिथे वर्षभर चमक असते. तिथेही पौर्णिमेच्या आसपास बऱ्याच टूर बंद असतात, पोहायला बंदी आहे, आणि 2017 च्या मारिया वादळानंतर ती खाडी काही महिने जवळपास विझली होती. तेव्हा आपल्याकडे कुणी ‘शंभर टक्के दिसणार’ म्हणून ॲडव्हान्स मागत असेल तर तिथेच थांबा.

अंदमानच्या खारफुटीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, हे पॅकेजच्या पानावर सहसा नसतं. 2010 मध्ये याच बेटाजवळ स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. चमक बघायला पाण्यात हात घालायचा मोह प्रत्येकाला होतो, म्हणून हे माहीत असलेलं बरं. रात्री, स्थानिक गाइडशिवाय, स्वतःच भाड्याने कयाक घेऊन जाणं हा वेडेपणा आहे.

आता कोकणाचं. इथे चमक कधी दिसेल हे आधी सांगता येत नाही, आणि दिसली तर आनंदच मानावा का, हाही प्रश्न आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या हेल्गा डो रोझारिओ गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सहकाऱ्यांसोबत 2014 मध्ये मांडलं की अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्युका पसरण्यामागे ऑक्सिजन कमी झालेलं पाणी आहे. इन्कॉइसच्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये दाखवलं की खुल्या समुद्रातल्या काही बहरांच्या जागी ऑक्सिजन कमी नव्हताच. वाद मिटलेला नाही. पण दाट बहर माशांना मारक ठरू शकतो हे 2019 च्या सप्टेंबरमध्ये तमिळनाडूत मंडपमजवळ दिसलं, तिथे मेलेले मासे किनाऱ्याला लागले होते. ज्या रात्री तुम्हाला लाइक्स मिळतात, त्या रात्री मच्छीमाराचं जाळं रिकामं येऊ शकतं.

बुकिंग करताना ऑपरेटरला एवढं विचारा: त्या रात्री चंद्रोदय किती वाजता, भरती किती वाजता, किती कयाकमागे एक गाइड, लाइफ जॅकेट सक्तीचं का, आणि हवा बिघडली तर पैसे परत का. पहिल्या दोन प्रश्नांवर तो अडखळला तर दुसरा शोधा. निघण्याआधी त्या भागाचा मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, नेटवर्क गेलं तरी जीपीएस चालतं. फोन वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, गळ्यात, आणि स्क्रीन बंद.