समुद्राचा सांगावा घाटावर पोचला पाहिजे!

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले आहे, मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये, अशी चार ओळींची बातमी वर्षातून दोनतीनदा तरी प्रसिद्ध होते. ती वाचून पुण्यातला सुशिक्षित वाचक निर्धास्तपणे पान उलटतो. बंदरावर बावटा चढेल, कोळी बांधव आपल्या होड्या वर ओढून घेतील. सह्याद्रीच्या अलीकडे राहणाऱ्या आपल्याला त्याचे काय, असा त्याचा सरळ हिशेब असतो. तो एकट्या पुणेकराचा असता तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु घाटमाथ्यावरचा शेतकरी, तालुक्याची कचेरी आणि जिल्ह्याचा कारभार यांनीही मनाशी तोच हिशेब धरला आहे. हा हिशेब चुकीचा आहे, आणि त्याची किंमत आम्ही दर काही वर्षांनी मोजत आहोत, हे आज स्पष्टपणे सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक हे कुकडीकाठचे गाव घ्या. समुद्र येथून शंभर-सव्वाशे किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत उभी. ऊस, कांदा, टोमॅटो यांच्या चिंतेत असलेल्या या गावाचा दर्याशी काय संबंध, असे कोणीही विचारील. पण या गावाच्या नदीकाठीच भूवैज्ञानिकांना ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सापडला आहे. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची, असे तिच्या परीक्षणावरून ठरले. तिचे वय सुमारे ७५,००० वर्षे की त्याहून कितीतरी अधिक, याविषयी विद्वानांत वाद झाला. पण तीन हजारांहून अधिक किलोमीटरांचे अंतर आणि मधला अथांग समुद्र ओलांडून, वाऱ्यावर स्वार होऊन ती कुकडीच्या खोऱ्यात उतरली, हे निर्विवाद आहे. समुद्रावरच्या आकाशाला तालुक्याच्या सीमा ठाऊक नसतात, याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

जुन्नरच्या इतिहासाचीही साक्ष हीच आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल नाणेघाटाने वर चढून जुन्नरास येई. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आजही वाचावयास मिळतात. ते परदेशी व्यापारी ज्या गलबतांच्या भरवशावर येत, ती गलबते नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या ज्ञानावर चालत. वारा केव्हा सुटेल, केव्हा पडेल आणि केव्हा उलटेल, हे ओळखणे म्हणजेच त्या काळचे सागरी हवामानशास्त्र. जुन्नरचे वैभव त्या शास्त्रावर उभे होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जुन्नरकराला समुद्राचा वारा हा आपल्या पोटापाण्याचा प्रश्न वाटत असे. आजच्या जुन्नरकराला तो परक्याचा वाटावा, ही प्रगती म्हणावी काय?

३ जून २०२० या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या प्रश्नाचे कठोर उत्तर दिले. अलिबागच्या दक्षिणेस दुपारी ते किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक होता. रायगडच्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या. परंतु तेथेच ते थांबले नाही. घाट चढून ते पुणे जिल्ह्यात शिरले. येथेही प्राणहानी झाली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत घरांचे पत्रे उडाले, उभी पिके झोपली, आणि पश्चिमेकडील आदिवासी गावांचा आधार असलेली हिरड्याची झाडे उन्मळून पडली. हिरड्याच्या नुकसानीची भरपाई मिळावी म्हणून त्या गरीब माणसांना पुढे वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. आंब्याची, भाताची नोंद कागदावर होते. रानातल्या हिरड्याला भरपाईच्या नियमांत रकाना नव्हता. ज्या वादळाची कल्पनाच कारभाराच्या मनात नव्हती, त्याच्या हानीसाठी रकाना तरी कोठून असणार?

आणि हे सारे अंदाज नव्हता म्हणून घडले, असेही नाही. वेधशाळेने इशारे दिले होते. किनाऱ्यावरच्या हजारो लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते, म्हणूनच रायगडात घरे मोडली त्या मानाने माणसे वाचली. पण किनाऱ्यासाठी जी सिद्धता झाली, तिचा शतांशही घाटावर झाली नाही.

आमच्या शास्त्राची या बाबतीतील कामगिरी हिणविण्याजोगी मुळीच नाही. १८६४ च्या भयंकर वादळाने कलकत्ता उद्ध्वस्त केल्यानंतर तेथील बंदरासाठी धोक्याच्या सूचनांची व्यवस्था सुरू झाली, आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे मुख्य ठाणे १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर आजही ‘शिमला ऑफिस’च म्हणतात. १९३२ साली शेतीच्या हवामानाचा स्वतंत्र विभाग निघाला तोही याच शहरात. आज उपग्रह, समुद्रात नांगरून ठेवलेली तरंगती यंत्रे आणि डॉप्लर रडार यांच्या साहाय्याने वादळाचा मार्ग चोवीस तास आधी सांगितला जातो, आणि त्यातील चूक सरासरीने शंभर किलोमीटरांच्या आत असते. शास्त्राने आपले काम केले आहे. उणीव आहे ती त्याच्या पुढच्या पायरीची.

ती उणीव किती प्राणघातक असते, हे मुंबईच्या समुद्राने दोनदा दाखविले आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. ती बुडाल्याचे वृत्त मुंबईस कळायलाच कित्येक तास लागले. त्या काळी साधनेच नव्हती, असे म्हणून मनाचे समाधान करता येईल. परंतु मे २०२१ चे काय? ‘तौक्ते’ वादळाची वर्दी कितीतरी आधी मिळाली होती. उपग्रहाची चित्रे घरोघरी दिसत होती. तरीही मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रात ‘पी ३०५’ हा तराफा २६१ माणसांसह समुद्रातच राहिला. १७ मे रोजी त्याचे नांगर तुटले, तो बुडाला, आणि सत्तरांहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. नौदलाने शर्थ करून उरलेल्यांना वाचविले. चौऱ्याहत्तर वर्षांत साधने आली, ज्ञान आले, संदेश आला. पण संदेश ऐकून ‘आता काम थांबवा आणि माणसे किनाऱ्यावर आणा’ असे म्हणण्याची सक्ती मात्र आली नाही.

अंदाज वर्तविणे हे अर्धेच काम आहे. तो ऐकून कोणी, केव्हा आणि काय करावयाचे, हे ठरलेले असणे हा त्याचा दुसरा अर्धा भाग होय. बंदरावरच्या बावट्याचे सामर्थ्य नेमके यातच आहे. अकरा खुणांपैकी कोणती चढली म्हणजे काय करावयाचे, हे तेथे ठरलेले असते. घाटावरच्या गावाला असा बावटा कोठे आहे? ‘काही ठिकाणी सोसाट्याच्या वाऱ्यासह पावसाची शक्यता’ या वाक्याने बोरीच्या शेतकऱ्याने नेमके काय करावे? बराखीतला कांदा झाकावा, की टोमॅटोची तोडणी उरकावी? जनावरे पत्र्याच्या गोठ्यातून सोडावीत, की वीज बंद करून घरात बसावे? हे त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या पिकाचे नाव घेऊन आणि वेळेचा आकडा देऊन सांगितले पाहिजे. आणि ते सांगण्याची जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्याच्या नावावर असली पाहिजे. पूर्वी कोतवालाची दवंडी चावडीपासून वाडीपर्यंत फिरत असे. आज प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी असताना दवंडीइतकाही नेमकेपणा आम्हांस साधू नये, हे लाजिरवाणे आहे.

दहा वेळा इशारा दिला आणि वादळ वळले, तर अकराव्या वेळी लोक ऐकणार नाहीत, असा आक्षेप येईल. तो निरर्थक नाही. पण त्यावरचा उपाय इशारा दडपणे हा नव्हे. शक्यता किती, धोका कोणता, आणि वादळ वळले तर ते का वळले, हे लोकांस प्रामाणिकपणे सांगत गेल्यास लोक अंदाजाची मर्यादाही समजून घेतात. पावसाच्या नक्षत्रांचा विचार करूनच पेरणी करणारा शेतकरी शक्यतेचे गणित आम्हां शहरवासीयांहून अधिक जाणतो.

हा प्रश्न निकडीचा होण्याचे आणखी एक कारण आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांहून अधिक तापले की चक्रीवादळाला त्यातून बळ मिळते. आणि अरबी समुद्र तापत चालला आहे. एकट्या २०१९ साली त्यात पाच चक्रीवादळे उठली. त्यांपैकी ‘क्यार’ आणि ‘महा’ यांनी महाराष्ट्राच्या भूमीवर पाऊलही ठेवले नाही. तरीही त्या दिवसांतील अवकाळी पावसाने राज्यातली खरीप पिके आणि द्राक्षबागा नासविल्या. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत कांदा शंभर रुपये किलोवर गेला, तेव्हा मंडईत भाव ऐकून संतापलेल्या शहरवासीयांनी सरकारला, दलालाला आणि शेतकऱ्याला दोष दिला. समुद्राकडे कोणी पाहिले नाही.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. सागरी वादळाचा प्रत्येक इशारा किनाऱ्याप्रमाणेच घाटमाथ्यावरील तालुक्यांसाठीही, कृतीच्या स्पष्ट सूचनांसह निघावा. तो शेवटच्या वाडीपर्यंत पोचविण्याची जबाबदारी निश्चित व्हावी. समुद्रात माणसे कामाला ठेवणाऱ्यांवर इशारा पाळण्याची कायदेशीर सक्ती असावी. आणि हानीच्या भरपाईत हिरड्याच्या झाडालाही जागा मिळावी. याला अब्जावधी रुपये लागत नाहीत, नवी वेधशाळा लागत नाही. लागते ती कर्तव्याची जाणीव. पुढचे वादळ याच समुद्रात उठणार आहे, आणि त्याची वर्दी वेधशाळा आपल्याला देणारही आहे. ती वर्दी बोरी बुद्रुकच्या शेतापर्यंत वाऱ्याच्या आधी पोचते की वाऱ्याच्या मागून, एवढेच ठरावयाचे आहे. आणि ते ठरविणे सर्वस्वी आमच्या हाती आहे!